जागा धरायची सवय

जपानला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, तो बर्फाचा डोंगर पाहिला का, ती गुलाबी फुलं पाहिली का, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाडीत बसलात का. मी सांगते, एक स्टेशन पाहिलं. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. विमानाचं एवढं भाडं भरून बाई गेली आणि स्टेशन बघून आली, असं त्याच्या मनात येतं. येऊ दे. मी तिकडं फिरायला गेले नव्हते, कामाला गेले होते, आणि त्या कामाचा रस्ता त्या स्टेशनातून जात होता.

काम सांगते. माझी धाकटी लेक टोकियोच्या बाहेर एका उपनगरात राहते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर आहे. जावई दुसऱ्या शहरात नोकरीला, शनिवारी यायचे आणि रविवारी परत जायचे. नातू आठ महिन्यांचा झाला तेव्हा लेकीची रजा संपली. घराशेजारच्या पाळणाघरात त्याला जागा मिळणार होती ती एप्रिलपासून, कारण तिकडं शाळांचं आणि पाळणाघरांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. तोवर जे पाळणाघर मिळालं ते दोन स्टेशनं पलीकडं होतं आणि संध्याकाळी सहाला बंद व्हायचं. लेक सकाळी त्याला तिथं सोडून पुढं जाणार होती, पण ऑफिसातून परत यायला तिला सात वाजणार. कंपनीनं गोड शब्दांत कळवलं होतं की आता रुजू झाला नाहीत तर तुमच्या जागी दुसरं माणूस घ्यावं लागेल. म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत दहा आठवडे कुणीतरी रोज सहाच्या आत त्या पोराला आणायला हवं होतं. हे कुणीतरी म्हणजे मी. तीन महिन्यांचा व्हिसा काढला आणि निघाले.

लेकीला ही नोकरी कशी मिळाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या लासुर्ण्याहून रोज बारामतीला जाऊन तिनं कॉलेज केलं. मग पुण्यात राहून ती भाषा शिकली, परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. एवढं सगळं करून पाळणाघर सहाला बंद होतं म्हणून घरी बसायचं, हे मला काही पटेना. फोनवर ती रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, मी येते की, त्यात काय एवढं.

हे माझं नेहमीचं वाक्य. आमची चार एकर शेती, निम्म्यात ऊस, निम्म्यात भेंडी आणि ढोबळी मिरची. शेत आमचे मालक बघतात, बाजार मी बघते. त्यांना बाजारात बोलता येत नाही आणि मला शेतात गप्प बसता येत नाही, म्हणून लग्नानंतर सात-आठ वर्षांत ही वाटणी झाली. पंचवीस वर्षं मी टेम्पोत क्रेटांच्या शेजारी बसून बारामतीच्या मार्केटला जाते. माझा माल कुणाच्या मालाखाली दबू देत नाही. माल विकून देणाऱ्या अडत्यानं एकदा माझ्या मिरचीला ‘जरा मऊ हाय’ म्हटलं, तर मी तिथंच एक मिरची मोडून त्याच्या कानापाशी धरली. कड असा आवाज आला. तेव्हापासून तो माझ्या मालाला हात लावायच्या आधी मला नमस्कार करतो. अशा बाईला गर्दीचं आणि स्टेशनचं काय वाटणार?

पाळणाघराचं ते स्टेशन मात्र मोठं होतं. दोन रेल्वेमार्ग तिथं एकमेकांना मिळायचे. वर पाच-सहा मजल्यांचं दुकान, खाली भुयारात दुसरा बाजार, आणि मधून गाड्या. उत्तरेचं दार वेगळं, दक्षिणेचं दार वेगळं. पहिल्या दिवशी मी उलट्या दारानं बाहेर पडले तर समोर भलतंच गाव. लेकीनं सांगितलेली पाटी होती, सायकलींची रांग होती, पण पाळणाघर कुठं दिसेना. लेक मागून हसत आली. तिची रजा संपायला एक आठवडा उरला होता, तेवढ्यात तिनं मला सगळं शिकवलं. तिकिटाचं कार्ड कुठं टेकवायचं, बाबागाडीसाठी लिफ्ट कुठल्या टोकाला आहे, कुठल्या रंगाची गाडी आपल्या स्टेशनवर थांबते आणि कुठल्या रंगाची न थांबता सरळ पुढं निघून जाते. मला लिहून काही घ्यावं लागलं नाही. मार्केटमध्ये कुणाचा माल कुठल्या गाळ्याला उतरलाय हे मी पंचवीस वर्षं डोक्यात ठेवते, तिथं हे काय अवघड.

मला त्या स्टेशनची एक गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली. तिथं गाडीचं दार फलाटावर नेमकं कुठं येणार हे जमिनीवर रंगानं काढलेलं असतं, आणि त्याशेजारी डब्याचा आणि दाराचा आकडा. माणसं त्या खुणेमागं दोन-दोनच्या ओळीनं उभी राहतात. गाडी येते आणि दार खरोखर तिथंच येतं. संध्याकाळी जिन्यावरून शेकडो माणसं उतरायची आणि आवाज फक्त बुटांचा. आमच्याकडं टपरीवर चार माणसं चहाला थांबली तरी याहून जास्त आवाज होतो. सहा-सात वर्षांची पोरं डोक्यावर टोप्या आणि पाठीवर चौकोनी दप्तरं घेऊन एकटी यायची, एकटी चढायची. मी लेकीला विचारलं, यांच्या आया कुठं आहेत? ती म्हणाली, कामावर.

फलाटावर पांढरे हातमोजे घातलेला रेल्वेचा एक माणूस असायचा. केस पिकलेले, पाठ ताठ. तो रिकाम्या फलाटाकडं बोट दाखवून स्वतःशीच मोठ्यांदा काहीतरी म्हणायचा, मग सिग्नलकडं बोट, मग घड्याळाकडं. मला वाटलं याचं काहीतरी बिनसलंय. आमच्या गावात कुणी असं करायला लागला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दंडाला ताईत दिसेल. लेकीनं सांगितलं, बघितलेलं तोंडानं बोललं की चूक होत नाही, म्हणून त्यांना तसं शिकवतात. हे मला लगेच पटलं. एकदा गाडी तीन मिनिटं उशिरा आली तेव्हा तो माणूस आणि वरचा भोंगा, दोघंही माफी मागत होते. लेकीनं अर्थ सांगितल्यावर मी फलाटावर जोरात हसले, आणि मला कळलं की तिथं जोरात हसणारी मी एकटीच आहे. साखर कारखाना चालू असताना भवानीनगरच्या रस्त्याला उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागं ज्यानं अर्धा दिवस काढलाय, त्याच्याकडं तीन मिनिटांची माफी मागायची म्हणजे चेष्टाच.

लेक कामावर रुजू झाली आणि माझी ड्युटी सुरू झाली. साडीवर लेकीचा जाड कोट, पायात तिचेच बूट, खांद्याला माझी वायरची पिशवी. हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांची ती पिशवी मी इथून नेली होती, कारण तिला तोंड मोठं आणि ती कधी फाटत नाही. पाचला मी पाळणाघरात असायची. नातू मला बघून दोन्ही हात वर करायचा. साडेपाचची गाडी आम्हाला फार सोयीची, कारण ती त्याच स्टेशनातून सुटायची आणि चार-पाच मिनिटं दारं उघडी ठेवून फलाटाला उभी असायची. सहाला घरी. एवढंच काम.

पण लेकीचा जीव थाऱ्यावर नसायचा. साडेचारला पहिला फोन, निघालीस का. मग पोचलीस का, लिफ्टनंच गेलीस ना, तो रडतोय का, टोपी घातलीस का. दर दहा मिनिटांनी फोन. मी पहिले दोन दिवस नीट उत्तरं दिली, तिसऱ्या दिवशी म्हटलं, मी तुला वाढवलं तेव्हा माझ्याकडं फोनच नव्हता. पण फोन थांबले नाहीत. ऑफिसात मीटिंग चालू असताना ती उठून बाहेर जाते हे तिच्या साहेबांच्या लक्षात आलं. दोन आठवडे असे गेल्यावर एका बुधवारी जेवताना तिनं सांगितलं की तिनं राजीनामा लिहून ठेवलाय. शुक्रवारी द्यायचा की नाही, ते ठरवणार होती. मी विचारलं, का पण? पोरगं मजेत आहे, मी आहे. ती म्हणाली, माझं कामात लक्ष लागत नाही. मी म्हटलं, लागेल, त्यात काय एवढं. तिनं ताट उचललं आणि आत गेली. मला तिचा रागच आला. एवढी शिकलेली पोरगी आणि काळीज सशाचं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, स्टेशनवर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. दुसऱ्या मार्गावर काहीतरी अडचण झाली होती आणि तिकडची सगळी माणसं आमच्या फलाटावर आली होती. मी बाबागाडी घेऊन लिफ्टनं खाली उतरले. आमची गाडी दारं उघडून उभीच होती. जागा जवळजवळ भरल्या होत्या, पण खिडकीतून मला दिसलं की कोपऱ्यातली एक जागा मोकळी आहे.

आता मी जे केलं ते कसं केलं हे बारामतीच्या स्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही. आमच्याकडं लाल गाडी स्टँडात शिरली की घरातलं जे दांडगं माणूस असेल ते पुढं पळतं. खिडकीतून टॉवेल टाकतं, रुमाल टाकतं, काही नसलं तर हातातली पिशवी सीटवर आपटतं. जागा धरली की मग बाकीचे. पोरं आणि बोचकी तोवर खाली खांबापाशी उभी असतात. ही लेक पाच-सहा वर्षांची असताना मी तिला आणि धान्याच्या पिशवीला खांबाशी उभं करायची, ‘हलू नगंस’ म्हणायची आणि गर्दीत घुसायची. जागा धरून खिडकीतून हाक मारायची. कधी काही झालं नाही, कारण आमची गाडी अशी पळून जात नाही. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तरी कंडक्टर चहा पीत असतो, आणि कंडक्टर आला तरी कुणीतरी ‘थांबा, माणूस येतंय’ असं ओरडतंच.

त्या गुरुवारी माझ्या हातापायांनी तेच केलं. डोक्याला विचारलंसुद्धा नाही. बाबागाडी खांबाशी लावली, ब्रेक दाबला, आणि पिशवी घेऊन मी आत शिरले. चार पावलं. पिशवी सीटवर ठेवली. मागं वळले तेवढ्यात फलाटावर ते गाडी सुटतानाचं गाणं वाजलं. दोन आठवडे रोज ऐकलेलं, गोड, छोटंसं गाणं. दारातून मला बाबागाडी दिसत होती आणि नातवाचे टोपीतले डोळे. दारं दोन्ही बाजूंनी सरकायला लागली.

मी कशी पळाले, कुणाला धक्का दिला, मला माहीत नाही. दार माझ्या खांद्याला लागलं, जरासं मागं सरलं, आणि मी बाहेर पडले. मागं दार बंद झालं. गाडी निघाली आणि काचेतून माझी हिरवी पिशवी सीटवर ऐटीत बसून गेलेली मी पाहिली. तिच्यात फोन, कार्ड, घराची किल्ली, पत्ता लिहिलेला कागद आणि दुधाची बाटली होती.

बाबागाडीच्या दांड्यावर एका म्हाताऱ्या बाईनं हात ठेवला होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. मी पोचल्यावर तिनं हात काढला आणि माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी नातवाला उचललं, बाकावर बसले आणि त्याला छातीशी इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. गाडी सुटून मी आत राहिले असते तर पुढच्या स्टेशनवर उतरून परत येईपर्यंत हे पोरगं एकटं त्या गर्दीत असतं, आणि ते मी केलं असतं. दुसरं कुणी नाही.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग उठले, कारण बसून काही होत नसतं. पांढऱ्या हातमोजेवाल्यापाशी गेले. त्यानं खिशातून भाषा बदलणारं एक छोटं यंत्र काढलं. त्यात मराठी नव्हती, हिंदी होती. मी माझ्या बारामतीच्या हिंदीत सगळं सांगितलं आणि यंत्रानं त्याला काय सांगितलं देव जाणे, कारण तो फार गंभीर झाला आणि त्यानं आधी मला पाणी दिलं. मग कागद-पेन्सिल आणली. मी पिशवी काढली, चौकड्या काढल्या, बंद काढले. मग त्याचा हात धरून त्याला फलाटावर नेलं आणि जमिनीवरचा तो आकडा दाखवला. तिसरा डबा, दुसरं दार. शिरल्यावर उजवीकडं कोपरा. माझा माल मी कुठल्या गाळ्यावर ठेवला हे मी मेल्यावरसुद्धा सांगेन. तो माणूस एकदम खूश झाला. त्यानं त्या आकड्याकडं बोट केलं, मोठ्यांदा काहीतरी म्हटलं, आणि फोन लावला.

अर्ध्या तासानं उलट दिशेच्या गाडीतून पिशवी आली. एका कर्मचाऱ्यानं ती दोन्ही हातांनी आणली, बंदसुद्धा नीट जुळवलेले. हातमोजेवाल्यानं आधी कागदावरचं माझं चित्र बघितलं, मग पिशवी बघितली आणि मान हलवली. म्हणजे चित्र बरं होतं. मी दोघांना हात जोडले आणि मराठीतच म्हणाले की लई उपकार झाले. ते दोघं वाकले, मग मी वाकले, मग ते पुन्हा वाकले. हे बराच वेळ चाललं असतं, पण पिशवीतला फोन वाजायला लागला. लेकीचा तो अकरावा फोन होता. मी उचलून म्हटलं, काही नाही, गाडी चुकली, घरी येतोय.

सातला ती घरी आली ती बूट काढायच्या आधी बाळाकडं गेली. त्याला वरखाली तपासलं. मग मी तिला गोष्ट सांगितली, पण माझ्या पद्धतीनं. पिशवी गाडीत विसरले, यंत्राला हिंदी कळेना, मी चित्र काढलं, तो कसा वाकला आणि मी कशी वाकले. हातवारे करून सांगितलं. ती हसली. चांगली पोट धरून हसली, कितीतरी दिवसांनी. मी आत होते आणि बाळ बाहेर होतं, एवढं सोडून मी सगळं सांगितलं. ते सांगितलं असतं तर राजीनामा उद्याचा आजच गेला असता, आणि तिचं काही चुकलं असंही म्हणता आलं नसतं. मी मनाला समजावलं की हे खोटं तिच्या भल्याचंच आहे.

शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात नुसती बसली होती. आंघोळ नाही, डबा नाही. बाळ चटईवर पालथं पडून स्वतःच्या मुठी चोखत होतं. मी म्हटलं, आवर, गाडी जाईल. ती म्हणाली की ती आज जाऊन पत्र देणार आहे, आणि मग तिनं मला जे सांगितलं ते ती त्याआधी कुणालाही बोलली नव्हती.

“ह्यो दोन महिन्यांचा असताना त्याच स्टेशनवर माझ्या हातनं बाबागाडी सुटली हुती. लिफ्टपाशी. ब्रेक लावायचा राहिला. दोन हात गेली आसंल, भिंतीला लागून थांबली. त्याला काय झालं न्हाय. पण म्या कुणाला सांगितलं न्हाय. ह्यास्नीबी न्हाय.”

मी तिच्यासमोर बसले.

“तवापासनं मला वाटतं, माझ्याच्यानं हे हुणार न्हाय. म्हणून सारखा फोन करते. तुझ्यावर इस्वास न्हाय म्हणून न्हवं. मलाच भ्या वाटतं. आन तुला कशाचंच भ्या वाटत न्हाय आई. काल पिशवी गेली तरी तू हसत आलीस. मी तुझ्यासारखी न्हाय.”

हे ऐकून मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. पहिल्यांदा बरं वाटलं. माझी लेक मला एवढी धीराची समजते याचं बरं वाटलं. ते क्षणभरच. मग मला दिसलं की ही पोरगी माझ्या धीरापायीच खचलीय. जन्मभर मी तिला ‘त्यात काय एवढं’ म्हणत आले आणि तिनं त्याचा अर्थ असा घेतला की ज्याला भीती वाटते त्यातच काहीतरी खोट आहे. आता गप्प राहिले तर ती लाजेनं नोकरी सोडणार, आणि खरं सांगितलं तर धास्तीनं. दोन्हीकडून पत्र जाणारच होतं. मग निदान खरं बोलून जाऊ दे, असं मी ठरवलं.

“काल म्या आत हुते,” मी म्हटलं, “आन ह्यो भाईर हुता.”

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातली जागा, खांब, ब्रेक, गाणं, सरकणारी दारं, त्या म्हातारीचा दांड्यावरचा हात. जागा धरायला गेले हे सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले तेही सांगितलं. हे मी त्या वेळेपर्यंत स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

लेक उठली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडायचा तिला हक्कच होता. तिनं बाळाला उचललं, त्याच्या मानेत नाक खुपसलं आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. पाठमोरीच तिनं विचारलं, किती वेळ तो एकटा होता. मी म्हटलं, दहा आकडे मोजशील तेवढा. मग वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, पण चेहरा बुधवारच्या रात्रीचा नव्हता.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “आपल्या घरात भिणारी मी एकटीच हाय.”

मी म्हटलं, नाही, दोघी आहोत. पंचवीस वर्षं मार्केटात अडत्यासमोर उभी राहताना मलाही भीती वाटते, म्हणून मी आधी आवाज चढवते. हे मी तिच्या बापालाही कधी बोलले नव्हते. ती माझ्याकडं अशी बघत राहिली जसं कुणी नवीनच बाई घरात आलीय. मग तिनं नाक पुसलं आणि बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं.

पंधरा मिनिटांनी ती ऑफिसच्या कपड्यांत बाहेर आली. मी तोवर घाईघाईनं डब्यात पोळी-भाजी भरली होती. पत्राचं काय केलं ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दारात बूट घालताना तिनं मला नियम घालून दिला. बाबागाडी आधी आत, तिच्या मागं मी, पिशवी गळ्यात, आणि बसायला जागा नसली तर उभं राहायचं. मार्केटात मला असं कुणी शिकवलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. मी मान हलवली. मग ती बाळाला बाबागाडीत बांधून बाहेर पडली आणि लिफ्टपाशी वळून म्हणाली, “आई, आज मी फोन करत न्हाय.”

तिनं शब्द पाळला. दिवसभरात तिचा एकही फोन आला नाही. मीच त्या फलाटावरून तिला दोन फोन केले. पहिला, बाळ ताब्यात घेतलं हे सांगायला. दुसरा उगीच.